‘शुभमंगल’मधला ‘भ’

मामाकडं एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, भूकंपानंतर मिळालेल्या घराचे कागद, आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ आणि एक व्हीएचएस कॅसेट. कॅसेटच्या पाठीवर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, ‘लग्न, मे ९२, ता. उमरगा, जि. उस्मानाबाद’. आता तो तालुका लोहारा झालाय, जिल्हा धाराशिव झालाय, आणि गाव सास्तूरच्या आसपासचं असल्यामुळं जुन्या जागेवर राहिलेलं नाही. त्या पत्त्यातली एकही गोष्ट आता जागेवर नाही.

लग्न धाकट्या मावशीचं. त्यानंतर सोळा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं गाढ झोपली होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असली घरं उन्हाळ्यात गार राहतात, पण कोसळली की माणूस वाचत नाही. सरकारी नोंदीप्रमाणे लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमची आजी त्यांतलीच. कॅसेट वाचली, कारण ती तेव्हा मावशीच्या सासरी होती.

२००८ साली मी ही कॅसेट शहरातल्या एका दुकानात देऊन डीव्हीडी करून आणली. घरी टीव्हीपुढं सगळे जमले. सुरुवातीला ठीक चाललं होतं. पण शेवटी, पाठवणीला, जीपचं दार लागलं आणि धाडकन आवाज आला तो नंतर. मावशीनं तोंडाला पदर लावला, हुंदका मागून ऐकू आला. पोरं हसायला लागली. मामा एवढंच म्हणाला, “आवाज मागून येऊलालाय की रं.” मावशी उठून आत गेली. ती डीव्हीडी पुन्हा कुणी लावली नाही.

हा लेख त्या मागून येणाऱ्या आवाजाबद्दल आहे.

*

चित्र आणि आवाज टेपवर शेजारी-शेजारी बसलेले असतात, असं मला वाटायचं. तसं नसतं. व्हीसीआरच्या आत एक तिरका ड्रम गरगर फिरत असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचा वेग मिनिटाला १५०० फेरे. त्याच्यावरची हेडं टेपवर तिरक्या रेघा मारत चित्र लिहितात. साधा आवाज मात्र टेपच्या कडेला सरळ रेषेत लिहिला जातो, तोही पुढं बसवलेल्या दुसऱ्याच हेडकडून. दोहोंत अंतर सुमारे आठ सेंटिमीटर. म्हणजे भटजींचं तोंड टेपवर एका ठिकाणी आणि त्याच क्षणीचा त्यांचा आवाज चार बोटं पुढं. तेच यंत्र तेच अंतर राखून वाचतं, म्हणून आपल्याला ते दोघं एकत्र भेटतात.

ही युक्ती व्हीएचएसची नाही, सिनेमाची आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या वीसेक चौकटी पुढं छापलेली असते. येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेसारख्या जत्रांमधून तंबूतले टॉकीज लागायचे. तिथं रीळ चढवताना ऑपरेटरनं फिल्मची वळी लहान-मोठी सोडली, की हिरो आणि त्याचा आवाज यांची फारकत व्हायची. लोक शिट्ट्या मारायचे. फरक इतकाच, की शिट्टी ऐकून ऑपरेटर वळी नीट करू शकत होता. माझ्या डीव्हीडीला शिट्टी मारून उपयोग नव्हता.

मूळ कॅसेट पुन्हा वाचणं हा एकच मार्ग होता. आणि वेळ संपत चालला होता. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना आणि युनेस्को यांनी २०१९ साली चुंबकीय टेपबद्दल एक इशारा दिला. २०२५ च्या सुमारानंतर टेपा असतील पण त्या वाजवणारी धड यंत्रं नसतील, असं त्याचं म्हणणं. सिनेमांना निदान पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. लग्नाच्या कॅसेटींना पेटी आहे आणि पेटीतल्या डांबरगोळ्या.

आमच्या जिल्ह्याच्या कोरड्या हवेनं एक उपकार केला. कोकणातल्या कॅसेटींच्या कडेला जी पांढरी बुरशी धरते, ती इथं नव्हती. धाराशिवच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिकनं त्यांच्याकडचा व्हीसीआर काढून दिला. रबरी पट्टा बदलला, आणि हेड पुसायला मी कापसाची काडी पुढं केली तेव्हा हातावर चापटी मारली. कापसाचा धागा हेडात अडकतो. त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमवर नुसता टेकवला आणि ड्रम हातानं फिरवला. चामडं हलवायचं नाही, ड्रम फिरवायचा.

*

पहिल्या खेपेला मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात. चित्र यूएसबीच्या डबीतून लॅपटॉपात घेतलं आणि आवाज मात्र लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून. दोन वाटा, दोन घड्याळं. चित्राच्या डबीचं ‘एक सेकंद’ आणि साउंड कार्डाचं ‘एक सेकंद’ यांत लाखात पाचाचा फरक असला, तरी दिवसाकाठी तो चार सेकंदांचा होतो. भिंतीवरच्या घड्याळात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. आमची कॅसेट दोन तास चाळीस मिनिटांची, म्हणजे ९६०० सेकंदांची. तेवढ्यात हिशेबानं अर्धा सेकंद होतो. ओठांच्या बाबतीत अर्धा सेकंद म्हणजे फार झालं.

फरक मोजायला खुणा लागतात. सिनेमावाले त्यासाठी पाटी आपटतात. लग्नात पाटी नसते, पण आपटण्यासारखं बरंच असतं. सुरुवातीला हळदीच्या दिवशी घाणा भरताना बायका उखळात मुसळ घालत होत्या. मुसळ खाली टेकल्याची चौकट आणि ‘धप्’चं टोक, ही पहिली खूण. शेवटी जीपचं दार, ही तिसरी. मधली खूण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि ती सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

मंगलाष्टकं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’. कॅमेरा भटजींच्या तोंडावर. मराठीत प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावे लागतात, आणि या एका शब्दात ‘भ’ आणि ‘म’ लागोपाठ येतात. ओठ मिटतात, सुटतात, लगेच पुन्हा मिटतात. चौकट-चौकट सरकवत गेलं की हे स्पष्ट दिसतं, आणि आवाजाच्या आलेखात ‘भ’च्या सुटण्याचा उंचवटा त्याच्याशी जुळवता येतो. ‘सावधान’चा काही उपयोग नाही, त्यात तोंड उघडंच असतं. पालमध्ये सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. शुभमंगल दर कडव्याला येतं, त्यामुळं पडताळाही पुन्हा पुन्हा घेता येतो. आमच्या भटजींचा उच्चार खणखणीत होता, हे त्यांचे उपकार.

त्याआधी मी हलगीनं फसलो होतो. नवरदेव मारुतीला निघालेला परण्या, पुढं हलगी, टिपरू पडताना साफ दिसतंय. ते पाहून आवाज जुळवला आणि खूश झालो. पुढं जवळच्या माणसांच्या तोंडाकडं पाहिलं तर शब्द ओठांच्या आधी येत होते. हलगीवाला कॅमेऱ्यापासून पस्तीसेक मीटर लांब होता. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे हलगी कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला एक दशांश सेकंद लागला होता. तो उशीर खरा होता, निसर्गाचा होता, आणि मी तो ‘दुरुस्त’ केला. युरोपातल्या प्रसारणसंस्थांचा नियम असा की आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून जास्त आधी येऊ नये आणि ६० हून जास्त मागं पडू नये. आधी येण्याला सूट कमी, कारण तसा अनुभव कानाला कधीच नसतो. लांबच्या शेतात कुऱ्हाड आधी पडते आणि आवाज मग येतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. उलटं कुणी पाहिलेलं नाही.

तर मोजमाप आलं ते असं. मुसळाला फरक शून्य. शुभमंगलला, म्हणजे बरोबर मध्यावर, पाव सेकंद. जीपच्या दाराला ०.८६ सेकंद. घड्याळांचा फरक असता तर तो सरळ रेषेत वाढला असता, मध्यावर पाव तर शेवटी अर्धा. वरचे ०.३६ आले कुठून? ०.३६ ला ०.०४ नं भागा. नऊ. नेमक्या नऊ चौकटी कुठंतरी गळाल्या होत्या.

हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना एकच औषध दिलं की दोन्ही बिघडतात. पहिला झिजेसारखा, सगळीकडं सारखा. त्याला पूर्ण आवाजपट्टी त्या प्रमाणात किंचित आखडून घ्यायची. दुसरा खड्ड्यासारखा, एकाच जागी. टेप तिथं चुरगळलेली असते, चित्राचा ताल क्षणभर सुटतो, लॅपटॉपला चौकट ओळखता येत नाही आणि तो ती सोडून देतो. आवाज मात्र चालूच राहतो. त्याला त्याच जागी नऊ चौकटी परत घालाव्या लागतात. पण ती जागा दिसेना, कारण तो सगळा भाग पंगतीचा होता, आणि पंगतीवर शूटिंगवाल्यांनी ‘माहेरची साडी’तली गाणी भरली होती. तो सिनेमा १९९१ चा, त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या प्रत्येक लग्नाच्या कॅसेटीत होता. गाण्याखाली ओठ कुठं चुकतात ते कळायला मार्गच नाही.

म्हणून मी शूटिंगवाल्या काकांना शोधत तुळजापूरला गेलो.

*

काका आता काम करत नाहीत. त्यांचा मुलगा ड्रोन उडवतो. कॅसेट हातात घेऊन त्यांनी पाठीवरचं अक्षर ओळखलं, स्वतःचंच. गाण्यांबद्दल विचारलं तर हसले. एडिटिंग वगैरे काही नव्हतं, म्हणाले. कॅमेऱ्यातली कॅसेट घरी आणायची, व्हीसीआरचं ‘ऑडिओ डब’चं बटण दाबायचं आणि टेपरेकॉर्डरवरून गाणं सोडायचं. पंगतीत नुसता गोंगाट, तो कोण ऐकणार? मग सहज बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की कॅमेरा मात्र हाय-फायवाला होता, कर्ज काढून घेतलेला.

धाराशिवच्या एसटीत मला त्या वाक्याचा अर्थ लागत गेला. हाय-फाय व्हीएचएसमध्ये आवाज दोनदा लिहिला जातो. एकदा कडेच्या सरळ पट्टीवर, आणि एकदा फिरत्या ड्रमवरच्या वेगळ्या हेडांनी, चित्राच्या खाली, टेपच्या खोलवरच्या थरात. वरून चित्र लिहिलं जातं, खालचा आवाज तसाच राहतो. ऑडिओ डबचं बटण फक्त कडेची पट्टी पुसतं. खालचं पुसायचं तर चित्रही पुसावं लागेल. काकांनी गाणं भरलं ते वरच्या माळ्यावर. तळघरात पंगतीचा गोंगाट तीस वर्षं तसाच पडून होता. मेकॅनिकचा व्हीसीआर साधा होता, त्याला तळघराची वाटच ठाऊक नव्हती. २००८ च्या दुकानातल्यालाही नसावी.

हाय-फाय व्हीसीआर सोलापुरात जुन्या सामानात मिळाला. पुढच्या बाजूला एक छोटं बटण, हाय-फाय आणि नॉर्मल. पंगत आली, मी बटण सरकवलं. ट्रॅकिंग किंचित चुकत असल्यानं भुंग्यासारखी गुणगुण आली, मग पत्रावळींची सळसळ, पोरांचं रडणं, आणि ढाळजेकडून एक चढा, थोडा चिडलेला आवाज.

“आरं, तिकडल्या पंगतीला भात न्या की.”

आजी चित्रात नव्हती. कॅमेऱ्याच्या मागं कुठंतरी उभी होती.

*

आता प्रश्न होता तो हे सगळं कशात साठवायचं याचा. तिसऱ्या खेपेला आवाज आणि चित्र एकाच डबीतून घेतलं, म्हणजे घड्याळ एकच. मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, नुसता आरपार. तो टेपच्या थरथरत्या रेघा सरळ करून पुढं देतो, त्यामुळं चुरगळलेल्या जागीही चौकट गळत नाही. नऊच्या नऊ मिळाल्या.

कच्च्या चित्राचा हिशेब मोठा आहे. ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, सेकंदाला २५ चौकटी. सेकंदाला दोन कोटी बाइट उलटून जातात, तासाला सुमारे ७५ जीबी. आमची कॅसेट जवळपास २०० जीबी. हे कोंबायचं कसं, ते कोडेक ठरवतो. काही कोडेक गाठोडं घट्ट बांधतात पण आतलं काही टाकत नाहीत. बेन रुडियाक-गूल्ड यांचा हफवाययूव्ही हा जुना आणि चपळ. मिखाएल नीडरमायर यांचा एफएफव्ही१ त्याहून आवळून बांधणारा. तो २०२१ साली आरएफसी ९०४३ या नावानं जाहीर दस्तऐवज झाला. म्हणजे उद्या एखादी कंपनी बुडाली तरी फाइल उघडायची कृती लेखी राहते. शिवाय तो प्रत्येक चौकटीचे तुकडे करून प्रत्येकावर बेरजेचा शिक्का मारतो. डिस्कचा कोपरा खराब झाला तर कुठला तुकडा गेला ते कळतं. मोठी संग्रहालयं त्याच्याकडं वळली ती यामुळं. मी तोच घेतला. फाइल ८० जीबीच्या आसपास झाली. याहून लहान होत नाही, कारण व्हीएचएसच्या चित्रात जी मुंगी चालते तिच्यात काही नियम नसतो आणि बिननियमाचं आवळता येत नाही. त्या ८० जीबीत बरीचशी मुंगीच आहे. तरी मी ती ठेवली.

दुसऱ्या जातीचे कोडेक, डीव्हीडीतला एमपेग-२ किंवा फोनवरचा एच.२६४, काय टाकायचं ते स्वतः ठरवतात. पूर्ण चौकट अधूनमधून ठेवतात, मधल्या चौकटींमध्ये ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढंच लिहितात. बोलत्या माणसाच्या मागची भिंत बदलत नाही, तिथं हे छान जमतं. जमत नाही ते अक्षतांना.

आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, रंगवलेल्या, पण हॅलोजनच्या झोतात सगळ्या पांढऱ्याच दिसतात. सावधान म्हटलं की शेकडो दाणे चारी बाजूंनी उडतात, प्रत्येक दाणा प्रत्येक चौकटीत नव्या जागी. कोडेकच्या दृष्टीनं हा सगळाच बदल. २००८ च्या डीव्हीडीत ४.७ जीबीमध्ये सगळं लग्न बसवलेलं, म्हणजे सेकंदाला चार मेगाबिटसुद्धा वाट्याला येत नव्हते. नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे झाले होते. ज्यासाठी कॅसेट काढली, तोच क्षण सगळ्यात खराब.

पुढचा धोका मी स्वतः ओढवून घेतला. टेपचा लेप जिथं झडतो तिथं चित्रात पांढरा ठिपका क्षणभर चमकून जातो. असे डाग काढणारा फिल्टर असतो. तो मागची-पुढची चौकट पाहतो, आणि एकाच चौकटीत उगवलेलं पांढरं काही दिसलं की ते पुसून आजूबाजूचं भरतो. मी तो रात्रभर लावून ठेवला. सकाळी पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं. भटजी सावधान म्हणाले, दोनशे माणसांनी हात उडवले, आणि त्या हातांतून काहीही पडलं नाही.

यंत्राची चूक म्हणता येत नाही. एका चौकटीपुरतं दिसणारं, पांढरं, ठिपक्याएवढं, ही अक्षतेचीही व्याख्या आहे. मूळ फाइल शाबूत होती म्हणून निभावलं. आता मंगलाष्टकांच्या दहा मिनिटांत डाग तसेच ठेवलेत.

अक्षतांनी आणखी एक गोष्ट शिकवली. पालची एक चौकट म्हणजे खरं तर दोन अर्ध्या चौकटी, एक विषम रेघांची, एक सम रेघांची, वीस मिलिसेकंदांच्या अंतरानं टिपलेल्या. संगणकावर त्या एकत्र दिसल्या की हलणाऱ्या वस्तूला कंगव्याचे दात येतात. ते घालवायला बरेच जण एक अर्धी चौकट फेकून देतात. दात जातात, हालचालही निम्मी जाते. दोन्ही अर्ध्यांपासून पूर्ण चौकटी करून सेकंदाला ५० ठेवल्या, तर दाणे हवेतून खाली येताना दिसतात, नाहीतर वरून गायब होऊन खाली उगवतात.

आणि ते ‘फोर-के करून देतो’वालं प्रकरण. एका ओळखीच्या पोरानं हौसेनं, एआय लावून, हळदीतला आजीचा चेहरा मोठा करून पाठवला. पापण्यांचे केस दिसत होते, दात ओळीत होते. आजीला पुढचे दोन दात नव्हते. मी त्याला धन्यवाद दिले आणि चित्र पुसलं.

*

मूळ फाइलच्या दोन प्रती केल्या, एक माझ्याकडं, एक मामाच्या पेटीत, कॅसेटीच्या शेजारी. घरी पाहायला एच.२६४ ची साडेआठ जीबीची वेगळी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, कारण टीव्हीला एफएफव्ही१ समजत नाही. दिवाळीला मावशी आली तेव्हा लावली. मातीचं माळवद दिसलं, ढाळज दिसली, पलीकडं लिंबाचं झाड. मुसळ पडलं, आवाज वेळेवर आला. शुभमंगल झालं, अक्षता पडल्या. मग पंगत सुरू झाली आणि मावशीनं विचारलं,

“गाणं कुठं गेलं?”

पहिली चार-पाच वर्षं, कॅसेट झिजेपर्यंत, तिनं ते लग्न त्या गाण्यासकट पाहिलं होतं. तिच्या लेखी पंगतीचा आवाज म्हणजे तेच गाणं. हे मी धरून चाललो होतो म्हणा किंवा काकांच्या कामाची लाज राखली म्हणा, फाइलमध्ये दोन्ही पट्ट्या होत्या. कडेची गाण्याची आणि खालची गोंगाटाची. हाय-फायची पट्टी घेतलेल्या खेपेतलं चित्र मुख्य ठेवून, गाण्याची पट्टी शेवटच्या कडव्यातल्या शुभमंगलवर आणून तिच्याशी बसवली होती. रिमोटवरच्या ऑडिओच्या बटणानं ती बदलते. मी तिला दाखवलं.

तिनं बटण दाबलं. गाणं लागलं. पुन्हा दाबलं. पत्रावळी, पोरं, आणि आजीची ती चढी हाक. मावशी काही बोलली नाही. पुन्हा गाणं लावलं, थोडं ऐकलं, पुन्हा बदललं. मग रिमोट मामाकडं दिला.

“दादा, मागं घे रं जरा. तिकडली पंगत म्हंजे कुणाची? आपली का व्याह्यांची? भात कुणाला कमी पडलाता?”

मामानं चित्र मागं घेतलं आणि चष्मा पुसून टीव्हीच्या जवळ जाऊन बसला.